मधातला कोरा गोल

॥ जय सेवालाल ॥

मडिकेरीच्या पुढं, डोंगरात
ता. १९ जानेवारी २०२५

चि. वर्षास शाम भियाचा आशीर्वाद. याडीले अन् बाले माझं पाया पडणं सांगजो. बाकी लिहिण्यास कारण का,

पोचल्याची खबर उशिरा देऊन राह्यलो, राग मानू नको. इथं गेटवरच मोबाईल पेटीत जमा करा लागते, कामवाल्यायचा बी. सुट्टीच्या दिवशी खाली गावात गेलो तरच भेटते. अन् फोन लावून तरी काय उपयोग? याडी माय हाये, ती एकच इचारते, जेवला का, अन् बा तर मी सुरत सोडल्यापासून माझा फोन हातात घेतच नाहीत. पत्र बरं. तू वाचशीन, बाच्या हातात भाकर असन, मंग उठून जाणार कुठं?

काम काय ते सांगतो, म्हणजे आपल्या थोरल्या नेमसिंग भियाले हसाले सोपं जाईन. कॉफीच्या झाडायच्या मधात हे एक केंद्र हाये. बंगलोर-मुंबईची लोकं येतात, हप्ताभर कोणाशी बोलत नाहीत, अन् कागदावर गोल काढतात. त्याले मंडल म्हणतात. बाईच्या बांगडीएवढा गोल मधात, मंग त्याच्या भोवताल मोठा, मंग आणखी मोठा. मधात आपण स्वतः असतो म्हणे, अन् भोवताल आपली माणसं, आपलं भेव, आपला राग. ज्याचं त्यानं काढायचं, कोणाचं पाहून नाही. काढता काढता माणूस स्वतःले दिसते, असं प्रियंका मॅडम सांगतात. प्रियंका मॅडम म्हणजे शिकवणारी बाई. मूळची नागपूरची हाये, मराठी बोलते, म्हणूनच मी इथं टिकून हाये. नाही तर इथलं कानडी माझ्या कानावरून जाते.

शेवटच्या दिवशी सगळे मिळून फरशीवर रंगवलेल्या तांदळाचं एक मोठं मंडल घालतात. मंग मॅडम म्हणतात का आता पुसून टाका, कशातच जीव अडकवू नका. अन् पुसाचं काम माझं. मी झाडू मारतो अन् ते बसून रडतात. एक चष्मेवाला बाप्या तर माझा झाडूच धरून रडला. मले वाटलं पाया पडून राह्यला. याडीनं एवढे तांदूळ झाडून टाकलेले पाह्यले असते तर ती त्या बाप्याहून जास्त रडली असती.

तू लिहिशीन का हे काम तरी सोडू नको. मी काय ठरवून सोडतो का? सुरतले साड्यायच्या घड्या घालता घालता बोटं सुजली, हैदराबादले ठेकेदार लिफ्टच्या खड्ड्यात उतरवत होता. माझे पायच एका जागी राहत नाहीत, त्याले मी काय करू. इथं सध्या मन लागून राह्यलं. काहून लागून राह्यलं ते मले बी नाही माहीत.

भियाच्या लेकराचा गालगुच्चा माझ्या नावानं घेजो. तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या, माझं गाव बदललं तरी.

तुझा,
शाम भिया

॥ जय सेवालाल ॥

वरचा तांडा, ढाणकी
ता. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय शाम भियास वर्षाचा नमस्कार. याडी आणि बांचा आशीर्वाद. विनंती विशेष,

तुझं पत्र वाचून दाखवलं. बा उठून गेले नाहीत, पण भाकर जरा जास्तच जोरात चावली. नेमसिंग भिया तुझ्या अपेक्षेप्रमाणे हसला. म्हणाला की गोल काढायचे पैसे मिळतात तर आपल्या घाण्याच्या बैलानं काय पाप केलं होतं. याडीनं सांगितलंय की तांदूळ झाडायचे तर झाड, पण त्यांच्यावर पाय देऊ नको.

आता महत्त्वाचं. आपलं घरकुल मंजूर झालं. मातीचं घर पाडून, सरकारचं येईल त्यात आपलं थोडं घालून पक्कं बांधायचं ठरलं आहे. ढाणकीचा जमीर मिस्त्री बांधणार आहे. तू त्याला ओळखतोस, बाजारात आपल्या बांना भावोजी म्हणून चिडवतो तो. चार खोल्या निघतील असं त्याचं म्हणणं आहे. एक बा आणि याडीची. बाकीच्यांचं अजून ठरलं नाही. भियाला दोन पाहिजेत, कारण आता लेकरू झालं. ही त्याची पहिली होळी, म्हणून त्या दिवशी तांड्यात त्याची धूंड आहे.

परवा जेवताना बा अचानक म्हणाले की शामला विचार, घराबद्दल त्याचं काय म्हणणं आहे. भिया म्हणाला की जो वर्षातून एकदा तोंड दाखवतो त्याला काय विचारायचं. बा म्हणाले, विचार. एवढंच. पण दोनदा म्हणाले.

म्हणून मी विचारते आहे. तुझं नेहमीचं करू नकोस, इकडचं तिकडचं लिहून मूळ गोष्ट टाळायचं. खोली पाहिजे असेल तर पाहिजे असं लिही. दोन ओळी पुरेत. बा स्वतःहून काही विचारतील असं पुन्हा होईल की नाही कोण जाणे.

मला काय पाहिजे ते कोणी विचारलं नाही. मीच म्हटलं की मला अभ्यासाला खिडकीजवळ जागा पाहिजे. भाभी म्हणाली की पोरीची खिडकी सासरी असते. बी.ए.चं पहिलं वर्ष गोठ्यातल्या बल्बखाली चाललं आहे. म्हैस माझ्याहून जास्त इतिहास शिकली.

तब्येतीला जप. लोभ वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
वर्षा

॥ जय सेवालाल ॥

ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षे, अनेक आशीर्वाद. थोरल्यायले नमस्कार, लहानग्याले पापा.

तुझं पत्र भेटलं. तू तर रेडिओवरच्या बाईसारखी लिहितं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. म्हशीले माझा सलाम सांगजो.

या हप्त्यात शिबिराले लोकं कमी होती. मॅडम म्हणाल्या का शाम, तू रोज दुसऱ्यायचं झाडतं, आता एक तुझं काढ. मी म्हटलं मी आठवीतून पळालो, मले चित्र येत नाही. त्या म्हणाल्या का चित्र काढाचंच नाही, खरं काढाचं हाये. खिळा दिला, सुतळी दिली, रंग दिले.

गोल तर काढला. आता मधात काय? नियम असा का मधापासून सुरू करायचं. मधात आपण, मंग बाहेर. मी मधातच अडकलो. लाल भरला, पुसला. काळा भरला, तो बी पुसला. कागद तिथं पातळ झाला, हात लावून पाह्यजो. मंग मी नियम मोडला अन् बाहेरून सुरुवात केली.

याडीची पाकळी लाल. याडीच्या काचळीवर आरसे असतात ना, तसे लावायचे होते. आरसे कुठून आणू, चॉकलेटची चांदी लावली. बाची पाकळी मातीच्या रंगाची. ती काढताना हात लय दाबल्या गेला, कागदाच्या मागून कळन. नेमसिंग भियाची हिरवी, तिच्यातच भाभी अन् लेकरू. तुझी निळी, का तुले कॉलेजातल्या काळ्या फळ्याचा कंटाळा आला असन. चारी पाकळ्या सारख्या हायेत. सुतळीनं मोजल्या. एकाले मोठी अन् एकाले लहान, असं नाही. मॅडम म्हणाल्या का ज्याचं नाव सगळ्यात शेवटी लिहावं वाटते त्याचं आधी लिही. मी बाचं आधी लिहिलं.

मधातला गोल कोराच ठेवला. मॅडमनं तो पाह्यला. रोज सकाळी त्याच्यासमोर बसत जा म्हणाल्या. बसलो. एका सकाळी तर असा राग आला का फाडून टाकावं. राग कोणाचा ते लिहीत नाही. मंडल समजावून सांगितलं का मरते, असं त्या म्हणतात.

आता बाच्या इचारण्याचं. बानं मले कवाच काही इचारलं नाही. सुरतले जाताना बी नाही, का कायले जातं. तुझ्या पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पण तुझ्या त्या दोन ओळी मले लिहिता येईनात. खोली पाहिजे असं लिहिलं तर भिकाऱ्यासारखं वाटते. नको लिहिलं तर खोटं होते. म्हणून हा कागदच पाठवून राह्यलो. बाले दाखव. तू काही सांगू नको. पाहू दे त्यायले. पाहतीन तर समजतीन.

घडी नीट उघडजो, चांदी निघते. माया पातळ करू नका.

तुझा,
शाम भिया

॥ जय सेवालाल ॥

वरचा तांडा, ढाणकी
ता. १७ मार्च २०२५

प्रिय शाम भियास वर्षाचा नमस्कार.

उत्तर उशिरा लिहिते आहे. आधी होळीचं सांगते, कारण बाकीचं लिहायला हात होत नाही. लेकराची धूंड चांगली झाली. डोक्यावर आडवी काठी धरून सगळ्यांनी तिच्यावर काठ्या वाजवल्या, तरी पोरगं रडलं नाही, टकमका पाहत राहिलं. लेंगीची गाणी म्हणताना आपल्या घरचा आवाज कमी पडला. याडीनं तेवढ्यात मागं वळून पाहिलं, सवयीनं.

आता तुझ्या कागदाचं. तुझं पाकीट आलं तेव्हा ओसरीत सगळे बसले होते. जमीर मिस्त्रीही होता, पाया आखायला चुना घेऊन आला होता. मी पत्र वाचलं. कागद बांच्या हातात दिला. तू म्हणालास तसं काही सांगितलं नाही. बा पाहत होते, तेवढ्यात भियानं तो घेतला. आडवा धरला, उभा धरला, आणि म्हणाला की झालं, शामनं नकाशा पाठवला. चार खोल्या, मधात चौक, ज्याची त्याची नावंसुद्धा घातली. आता त्याचं नाव कुठं आहे ते शोधा. सगळ्यांनी शोधलं. मीही शोधलं, शाम भिया.

जमीर मिस्त्रीनं पाहिलं आणि म्हणाला की अशा गोल भिंती बांधायच्या तर विटा फोडता फोडता त्याचीच हाडं फुटतील. हा कसला नकाशा, ईदला पोरी तळहातावर मेंदी काढतात तसलं काही आहे. सगळे हसले. भिया म्हणाला की गोल सोडा, मोजणी पाहा. त्यानं स्वतःला खोली ठेवली नाही, म्हणजे त्याला नको आहे. तोंडानं सांगायची लाज वाटली म्हणून काढून पाठवलं.

मग मी गप्प बसले नाही. सांगितलं की हा घराचा नकाशा नाही, माणूस स्वतःला पाहायला हे काढतो. भाभीनं विचारलं की मग त्यात तो स्वतः का नाही? तेच मी तुला विचारते. तुला उत्तर येतं का?

बांनी कागद पुन्हा हातात घेतला. उलटा करून मागून बोट फिरवलं. मग घडी घालून भियाच्या हातात दिला आणि म्हणाले की नेमसिंग म्हणतो तसंच धरा.

दुसऱ्या दिवशी पाया आखला. एक खोली बा आणि याडीची, दोन भियाच्या, आणि एक धान्याची कोठी. माझ्या नावाची निळी पाकळी ती कोठी झाली. मधल्या जागेत भियाची मोटारसायकल उभी राहणार, पावसात भिजत होती म्हणून. याडीनं तिच्या पाकळीवरची चांदी नखानं उचकटून पाहिली. म्हणाली, शाम कुठं आहे यात?

तुला दोन ओळी मागितल्या होत्या. तू चित्र पाठवलंस. मला तुझा राग आला आहे आणि कीवही. भिंती कमरेपर्यंत आल्या आहेत, जे करायचं ते लवकर कर.

लोभ आहेच, तो लिहिण्यावर नाही.

वर्षा

॥ जय सेवालाल ॥

ता. २८ मार्च २०२५

तीर्थरूप बा यांचे चरणी शामचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र वर्षा वाचन. जेवत असान तर आधी जेवून घ्या. घास अडकला म्हणून माझं नाव नको.

वर्षाचं पत्र भेटलं. वाचून मी हॉलमधली झाडझूड तशीच टाकून कॉफीच्या मळ्यात गेलतो. मॅडम पाहाले आल्या. त्यायले सांगितलं तर म्हणाल्या का धरून ठेवू नको, सोडून दे. त्यायचं बंगलोरले तीन मजली घर हाये. त्यायले सोडाले काय जाते.

बा, मधातला तो कोरा गोल चौक नाही. तो मी होय. मले कोणता रंग भरावा ते मले नाही समजलं, म्हणून कोरा राह्यला. चारी पाकळ्या त्याच्या भोवताल हायेत. तुमी चौघं नसान तर तो गोल बी नाही. एवढी साधी गोष्ट सांगाले मी इतके रंग नासवले. अन् आता तिथं भियाची मोटारसायकल उभी राहणार. माझ्या अंगावरच उभी करणार म्हणा ना.

भाभीले तिच्या सवालाचं उत्तर भेटलं असन.

आता भियाले एक इचारतो, तो तिथंच बसला असन. नकाशा मानतं तर पुरा मान. वर्षाच्या नावाची पाकळी तुझ्या पाकळीएवढीच हाये, सुतळीनं मोजलेली. मंग तिची खोली कुठं? तिची तर कोठी झाली. म्हणजे माझं नाव नाही तिथं कागद खरा, अन् तिचं नाव हाये तिथं कागद खोटा. हा कोणता न्याय? जमीर मिस्त्रीनं एका नजरेत सांगितलं का हे मेंदीसारखं हाये. माझ्या घरच्यायले नाही समजलं? का समजून बी समजलं नाही?

मले माहीत हाये का मी टिकत नाही कुठं. पण जो फिरते त्यालेच परत याले दार लागते. जो घरातच बसला हाये त्याले दोन दारं कायले?

कोठीची चौकट अजून बसली नसन. ती खोली एक तर माझी करा, नाही तर वर्षाची. दोघायतल्या एकाची बी नाही झाली तर मले तुमच्या हातानं लिहून पाठवा का शाम, तुले या घरात जागा नाही. वर्षाच्या हातानं नको. मंग मी कोणाले बोल लावणार नाही.

याडीले म्हणा, मी रोज जेवतो.

तुमची छाया डोक्यावर राहो.

तुमचा,
शाम

वरचा तांडा, ढाणकी
ता. ९ एप्रिल २०२५

शाम भियास नमस्कार.

आज रेडिओवरची बाई नाही. सरळ लिहिते.

पत्र वाचलं. बा जेवून राह्यले होते. तू सांगितलं तरी त्यायनं आधी जेवण आटपलं नाही, मले म्हणाले वाच. एकदा झालं तर पुन्हा वाच म्हणाले. नेमसिंग भिया दुसऱ्या वाचनात उठून गेला. जाता जाता म्हणाला का बैल कोण सोडते, शेण कोण काढते, बाले दवाखान्यात कोण नेते, ते बी एखाद्या पाकळीत काढून पाठव म्हणा. भाभी रडली. जमीर मिस्त्रीले बानं काम थांबवाले सांगितलं. भिंती तशाच उभ्या राह्यल्या अन् आमी त्यायच्याकडे पाहत राह्यलो. मंग एका सकाळी बा मिस्त्रीच्या घरी गेले अन् त्याले घेऊन आले. कोठीची चौकट बसली. कोठीचीच.

बानं तुले स्वतः लिहिलं हाये, या पाकिटात टाकलं. मले वाचू दिलं नाही. चार दिवस लिहीत होते.

आता माझं ऐक. मले कोणीच नाही इचारलं का वर्षा, तुले खोली पाहिजे का. बानं नाही, भियानं नाही, अन् तू बी नाही. तू पत्रात माझं नाव टाकलं तवापासून भाभी माझ्याशी बोलत नाही. मी लेकराले घेतलं का येऊन उचलून नेते. तू तिकडं डोंगरात बसून गोल काढतं, मी इकडं तिच्यासंग एका चुलीवर हाये. आधी मी गोठ्यात अभ्यास करत होती तर कोणाच्या डोळ्यावर येत नव्हती. आता ताटात वाढलं तरी वाटते का हिशेबानं वाढलं.

मले एवढंच सांग. तू माझ्या खोलीसाठी भांडला, का तुझ्या भांडणात माझी खोली वापरली?

उमरखेडच्या वसतिगृहाचं मी पाहून राह्यली. बाले मीच सांगीन. तू मधात पडू नको.

घरभरणी या महिन्याच्या शेवटी, आखाजीले हाये. याडी तुझ्या येण्यावर बसली हाये. राग कमी झाला का पुन्हा चांगलं पत्र लिहीन.

वर्षा

चि. शाम यास आशीर्वाद.

मी लिहीत नसतो. तू म्हणला म्हणून लिहिलं.

तुझा कागद नकाशा नाही हे मले त्याच दिवशी समजलं. माझ्या नावावर तू पेन्सील दाबली ते मागून हाताले लागलं. मधात कोण हाये ते बी समजलं. तरी मी बोललो नाही.

नेमसिंग रोज सकाळी दिसते. तू कवा दिसशीन ते तुले बी माहीत नसते. नेमसिंग आपली चूल वेगळी करतो म्हणत होता. तो गेला तर मी अन् तुझी याडी कोणाच्या तोंडाकडे पाहू. जो दिसते त्याच्या मनासारखं घर बांधलं. तुझ्यावर जीव नाही असं नाही.

जागा नाही असं मी लिहिणार नाही. पडवीत तुझ्यासाठी खाट टाकतो. आखाजीले येजो.

सेवादास

॥ जय सेवालाल ॥

ता. २० एप्रिल २०२५

तीर्थरूप बा यांस शामचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. तुमचं अक्षर मी पहिल्यांदाच पाह्यलं. चांगलं हाये, माझ्याहून चांगलं. खोटं नाही लिहिलं, हे बी चांगलं केलं.

पण बा, तुमाले समजलं होतं, हे कायले लिहिलं? मी इतके दिवस मनाले समजावून राह्यलो होतो का म्हातारा माणूस, गोल अन् पाकळ्या त्यायले काय कळणार, भियानं डोक्यात भरवलं. न समजता खोली गेली असती तर मी इथं हसून सांगितलं असतं, का पाहा मॅडम, आमच्या तांड्यात मंडलाची मोटारसायकल ठेवाची जागा झाली. ओसरीत सगळे हसून राह्यले होते, कागद तुमच्या हातात होता. तवा एकच शब्द बोलला असता, का हसू नका, हे माझ्या पोराचं हाये. मंग खोली भियाले दिली असती तरी चाललं असतं. दोन काय, चारी दिल्या असत्या तरी. तुमाले समजलं अन् तुमी घडी घालून कागद त्याच्या हातात दिला. हे मले गिळवत नाही.

भिया दिसते, मी दिसत नाही, हे खरं हाये. तो सांभाळन तुमाले. त्याले म्हणा, शेणाची अन् दवाखान्याची पाकळी मी खरंच काढाले पाहिजे होती.

वर्षे, हे वाचताना तुझा सवाल आलाच असन तुझ्या मनात. तुझी खोली मी वापरली. तुझ्यासाठी भांडायचं असतं तर तू पहिल्या पत्रात खिडकी लिहिली तवाच भांडलो असतो. तवा मी म्हशीले सलाम पाठवला. वसतिगृहात जाय. बा नाही म्हणाले तरी जाय. मी मधात पडत नाही.

मॅडमनं परवा इचारलं का शाम, मधातला रंग सापडला का. मी म्हटलं तो कागद घरी गेला. त्या म्हणाल्या नवा काढ. मी नाही म्हटलं. दुसऱ्यायचे तांदूळ झाडतो तेवढं बस हाये मले. अन् ते बी किती दिवस, सांगता येत नाही. खाली गावात एक ट्रकवाला संग फिराले क्लीनर शोधून राह्यला.

याडीले सांगा का सुट्टी भेटली नाही. तिच्यापुरतं एवढं खोटं तुमाले जमन. चूप बसाचं तर जमलंच.

पडवीत खाट टाकू नका, बा. पडवीत पाहुण्याले टाकतात. पाहुण्यानं आधी कळवा लागते का कवा येतो अन् कवा जातो. घरचा पोरगा कवा बी येते, चूल इझली असली तरी याडीले हाक मारते अन् भाकर मागते. सुरतहून आलो, हैदराबादहून आलो, मी कवाच कळवून आलो नाही.

आता पहिल्यांदा कळवून राह्यलो. आखाजीले मी येत नाही.

लोभाचं या पत्रात काही लिहीत नाही.

शाम सेवादास आडे